बारावा मनाचा

आमच्या दादाला कारखान्यात सगळे ‘निवडसमिती’ म्हणायचे. गल्लीतही तेच. न्हावी गळ्याभोवती कापड बांधता बांधता विचारायचा, “काय निवडसमिती, आज कोणाला वगळलं?” आणि दादा आरशात बघून अगदी गंभीरपणे सांगायचा. लोक मजा म्हणून विचारतात हे त्याच्या डोक्यातच यायचं नाही. इतका भोळा. आणि तितकाच हट्टी, पण ते लोकांना नंतर कळायचं. मला जन्मापासून माहीत होतं.

मी त्याची धाकटी बहीण, एकुलती एक. सहा वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. आणि एका मंगळवारी दुपारी वहिनी माझ्या दारात येऊन उभी राहिली. चपलाही न काढता म्हणाली, “वन्सं, डॉक्टरांनी हात टेकले. पंधरा दिवस म्हणतात, कमीही असतील. तुमचं नाव घेतायत सारखं. येताय की नाही, एवढं सांगा.”

मी म्हटलं, “बघते.” भाऊ अंथरुणाला खिळलाय आणि मी म्हणते बघते! वहिनी जिना उतरून गेली. पण मी तसं का म्हणाले हे कळायला हवं असेल तर आधी हा माणूस काय होता ते ऐका.

आई आणि बाबा एका वर्षात गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि मी दहाची. शिक्षण सोडून तो पुस्तकं बांधायच्या कारखान्यात लागला. सकाळी माझी वेणी घालायचा, तीही अशी की दोन्ही बाजूंचे केस मोजल्यासारखे सारखे. स्वयंपाकात एक पदार्थ पातळ असला की दुसरा कोरडाच हवा. दोन्ही पातळ झाले तर कपाळाला हात लावायचा. “छोटे, बॅलन्स गेला ग जेवणाचा,” म्हणायचा. मी म्हणायचे, दादा, पोटात जाऊन सगळं एकच होतंय. त्याला ते कधी पटलं नाही.

कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली, एका बाजूला खिडक्या, खळीचा आंबूस वास. छापलेले मोठाले कागद यायचे. त्यांच्या सोळा सोळा पानांच्या घड्या घालायच्या, त्या घड्यांना फर्मे म्हणतात. मग फर्मे एकावर एक रचून सुई-दोऱ्याने शिवायचे, शिकंज्यात दाबायचे, कडा कापायच्या, पुठ्ठा चढवायचा. दादा शिवणारा. घड्या घालायचं काम बायका घरी न्यायच्या, मीही न्यायचे, आणि दुपारच्या सुट्टीत गठ्ठे परत आणून द्यायचे. त्यामुळे सुट्टीतला त्यांचा टीम निवडायचा खेळ मी वर्षानुवर्षं बघितलाय. उगीच ऐकीव सांगत नाही.

खेळ असा. डबे संपले की पुठ्ठ्याच्या कातरणीवर ज्याने त्याने आपली टीम लिहायची. पन्नास षटकांचं क्रिकेट, जगात आजवर झालेले कुठलेही खेळाडू, जिवंत, मेलेले, निवृत्त, सगळे चालतील. एका देशाचे दोनच घ्यायचे. एकाने घेतला तो त्या दिवशी दुसऱ्याला मिळणार नाही. आणि टीम तोलून मापून हवी, नाहीतर निवडसमिती ती फाडून टाकणार.

त्या खोलीत खेळाडूंची खरी नावं कोणी घ्यायचं नाही. सगळ्यांना कारखान्यातलीच नावं. एक सलामीचा होता, बॅट इतकी सरळ की त्याचं नाव ‘फूटपट्टी’. दुसऱ्या टोकाला एक डावखुरा, ऑफला चिरत जायचा, तो ‘डावी कातरी’. एक उंच गोलंदाज, पायाच्या बोटांवर चेंडू घालायचा, तो ‘दाभण’. फिरकीवाला ‘गिरमिट’. ज्याच्या हातातून चेंडू सुटायचा नाही तो यष्टिरक्षक ‘डिंक’. शेवटी येऊन मॅच बंद करून जाणारा तो ‘शेवटचा टाका’. नवीन माणूस कामाला लागला की त्याला पहिला आठवडा वाटायचं, हे लोक हत्यारांबद्दल इतकं का भांडतात!

सगळ्यांना मारणारे हवे असायचे. खळ लावणाऱ्याने एकदा सहाच्या सहा असे घेतले की पहिल्या चेंडूपासून उडवणारे. दादाने कातरण हातात घेतली, चष्मा वर केला.

“आणि तीन विकेट गेल्या की?”

“जाणारच नाहीत.”

“अरे, सगळेच शिकंजे ठेवलेस तर पुस्तक दाबशील. शिवणार कोण?” असं म्हणून टर्रकन फाडली. खळवाला आठ दिवस त्याच्याशी बोलला नाही.

दादाच्या अकरात नेहमी दोन-तीन अशी नावं असायची की बाकीचे नाकं मुरडायचे. कोणी तरी सातव्या नंबरचा, तीस धावा आणि सहा षटकं. कोणी तरी मधल्या षटकांत एक-एक धाव काढणारा. तो म्हणायचा, पोस्टर ज्यांची लागतात त्यांच्यापैकी पाचच घ्यायचे, उरलेले सहा काम करणारे. या बाबतीत तो कोणाच्या बापाला ऐकायचा नाही. स्वतःचा सगळ्यात लाडका फलंदाज त्याने कित्येकदा बाहेर ठेवला, कारण त्या जागी आधीच दोन होते. वगळताना डोळे भरून यायचे त्याचे, शपथेवर सांगते. क्रिकेटच्या खोट्या टीमसाठी रडणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

आणि मग बारावा. बाराव्याला कसलाच नियम नव्हता. देश बघायचा नाही, आकडे बघायचे नाहीत. अकरात जो बसला नाही पण ज्याच्याशिवाय चैन पडणार नाही, तो बारावा. “अकरा डोक्याचे, बारावा मनाचा,” हे दादाचं वाक्य. बारावा खेळत नाही, पण खोलीत आपल्या शेजारी बसतो, आपल्याबरोबर जेवतो, सोबत येतोच. कारखान्यात बारावा असणं हा मान होता. मालकसुद्धा कधीकधी हिशेबाच्या खोलीतून बाहेर येऊन उभ्या उभ्या आपला बारावा सांगून जायचे.

माझा नवराही दादानेच निवडला. हसू नका. कारखान्यात लग्नाचे तीन होते. दादाने महिनाभर तिघांना निरखलं आणि मग मला सांगितलं, “कटिंगवाला दिसायला चांगला आहे, पण घाईत अंगठा कापून घेतो. दुसरा बोलतो फार. हा माझ्या शेजारी शिवायला बसतो ना, हा बघ. दोरा तुटला तर शिव्या देत नाही. दबावाखाली खेळतो.”

मी म्हटलं, “मी म्हणजे दबाव का?”

“तू म्हणजे शेवटची पाच षटकं,” दादा म्हणाला.

असं माझं लग्न ठरलं. आणि निवड चुकली नव्हती हो. आमच्या ह्यांनी बावीस वर्षांत एकदा आवाज चढवला नाही, चढवायचं सगळं काम माझ्याकडे. लग्नानंतर अख्खा कारखाना त्यांना ‘दाजी’ म्हणायला लागला, दादा म्हणतो म्हणून. दोघं शेजारी बसून शिवायचे, एकाच डब्यातलं खायचे आणि दोघांचे बारावे कायम वेगळे असायचे, त्यावरून घरी येईपर्यंत वाद.

मग कारखाना हलला. मशीनं आली, मालकांनी लहान जागा घेतली आणि एकोणीस माणसांतली अकराच लागणार असं ठरलं. अकराच! दहा नाही, बारा नाही. मालकांनी दादाला आत बोलावलं आणि हसत हसत म्हणाले, “तू तर रोज टीम निवडतोस. ही पण निवड. कोण कसा आहे ते तुझ्याइतकं मला माहीत नाही. शुक्रवारी यादी दे.”

हसत हसत! माणसांची भाकरी काढायची आणि ती दुसऱ्याच्या हाताने.

तीन दिवस दादा जेवला नाही. वहिनी मला बोलावून घेऊन गेली तर हा खिडकीशी कातरण घेऊन बसलेला, खोडतोय आणि लिहितोय. मी म्हटलं, नाही म्हणून सांग ना त्यांना. तर म्हणतो, “मी नाही निवडली तर ते चिठ्ठ्या टाकतील. निदान नीट तरी व्हायला हवी.” आणि त्याने ती नीटच केली. कटिंगचा एक, मशीन शिकू शकतील असे तरणे तीन, खळीचा, पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरांचा, एकेक करत तोलून. शिवणारे दोनच हवे होते आणि कारखान्यात होते तीन. दादा, आमचे हे आणि मौनी.

मौनी म्हणजे एक विधवा बाई, दिवसात चार शब्द बोलायची म्हणून मौनी. तिचा टाका आमच्या ह्यांच्यापेक्षा बारीक होता. जुनी फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची ती वेगळी. मला हे तेव्हाही माहीत होतं, आजही मान्य आहे. दादाने तिला दहावी घेतली. स्वतःचं नाव अकरावं. आणि खाली, कोणी न सांगता, बारावं नाव लिहिलं ते आमच्या ह्यांचं.

समजलं ना काय केलं त्याने? त्याला वाटलं मालकांना कळेल. इतकी वर्षं बाराव्याचा खेळ बघितलेला माणूस, तो बाराव्याला टाकून जाईल होय? मेहुण्याला अकरात घातलं तर लोक म्हणणार, निवडसमितीने घरचा माणूस घेतला. म्हणून हात स्वच्छ ठेवायचे, आणि दाजींना सगळ्यात मानाच्या जागेवर बसवून बरोबर न्यायचे. त्याला दोन्ही हवं होतं.

शनिवारी सकाळी यादी दारावर लागली. मालकांनी अकराव्या नावाखाली लाल रेघ मारली होती. रेघेच्या वर दादा, रेघेच्या खाली आमचे हे.

हे घरी आले ते हसत. “दादांनी मला बारावा ठेवलंय.”

“ठेवलंय म्हणजे? सोमवारी कामाला जायचं की नाही?”

“नाही.” मग म्हणाले, “तुला नाही कळायचं. त्यांनी यादीत मला वर घातलं असतं तर मी एक कारागीर झालो असतो. हे वेगळं आहे.”

मी हातातलं भांडं आपटलं. दोन भोळी माणसं माझ्याच नशिबी यायची होती! एकाने मान द्यायचा आणि दुसऱ्याने तो घेऊन घरी बसायचं.

संध्याकाळी दादा आला. उंबऱ्याच्या आत आला नाही. म्हणाला, “मी मालकांशी बोललो. म्हटलं, चूक झाली माझी, बारावा म्हणजे सोडायचा नसतो. ते ऐकत नाहीत. म्हणतात, यादी तूच दिलीस.” चेहरा असा उतरलेला की मीच त्याला पाणी दिलं. आणि आमचे हेच त्याची समजूत काढत होते, “दादा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मला मिळेल काहीतरी.”

मिळालं. कागदाच्या गोदामात. रिमं उचलायची, दोन जिने चढायची, रचायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी, सगळं आयुष्य बसून सुई चालवलेल्या माणसाने. रात्री बोटं आखडायची त्यांची, मी तेल चोळून द्यायचे. दादा दर रविवारी यायचा. एकेकाळी वाद घालून घर डोक्यावर घेणारे दोघं, आता टीव्हीवर मॅच लागली तरी गप्प बसून बघायचे. दादाने टीम निवडणं सोडलं होतं. नव्या जागेत कोणी कातरण पुढे केली तर म्हणायचा, माझं झालं निवडून. मला वाटायचं, बरं झालं, निदान लाज आहे.

अडीच वर्षांनी एका दुपारी गोदामातून माणूस आला. हे जिन्यातच बसले होते म्हणाला, पाठीवरचं रिम शेजारी नीट ठेवून. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

सगळे पांगल्यावर दादा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “निवडलास तूच आणि वगळलास तूच. आता माझ्या दारात यायचं नाही.” तो उठला आणि गेला. एक शब्द बोलला नाही. मला तर तो बोलायला हवा होता, म्हणजे मला आणखी बोलता आलं असतं.

कारखान्याच्या घड्या घालायचं काम मी सोडलं. काज-बटणाचं काम धरलं. दादा रविवारी आमच्या समोरच्या बाकावर येऊन बसायचा, तास दीड तास, आणि उठून जायचा. मी पडदा ओढून घ्यायचे आणि मग फटीतून बघायचे, गेला का. कधी गेलेला नसायचा, तेव्हा बरं वाटायचं. हे मी वहिनीलाही कधी सांगितलं नाही. अशी सहा वर्षं.

तर वहिनी मंगळवारी येऊन गेली आणि बुधवारी मी गेले. रात्रभर ठरवलं होतं, जायचं आणि तोंडावर बोलून यायचं. पण पलंगावर जे होतं ते बघून ठरवलेलं सगळं राहूनच गेलं. इतका धिप्पाड माणूस, चादरीखाली आहे की नाही कळेना. नुसते डोळे आणि चष्मा. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, टाका अर्थातच नीट.

मला बघून म्हणाला, “छोटे, कागद घे.”

सहा वर्षांनी पहिलं वाक्य हे! मी म्हटलं, “मी काय तुझी कारकून आहे?” आणि घेतला कागद. त्याला पेन धरवत नव्हतं, लिहिता येत नव्हतं. टीम निवडायला बसला होता चार दिवस, वहिनी म्हणाली, पण कोणाच्या हातून लिहून घेत नव्हता.

“फूटपट्टी,” तो म्हणाला. मी लिहिलं. “डावी कातरी.” लिहिलं. तिसऱ्या नंबरला त्याने एक नाव सांगितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “हा कशाला? हा पण डावखुराच. आणि दोघंही एकाच पद्धतीने बाद होतात.”

दादाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. “तुला कसं माहीत?”

“पंधरा वर्षं गठ्ठे घेऊन उभी असायचे मी दारात. बहिरी होते का?”

हसला. हसताना खोकला आला, वहिनीने पाठ धरली. मग आम्ही खरंच भांडलो. गिरमिट घ्यायचा की वेगवान चौथा घ्यायचा यावर मी अर्धा तास वाद घातला. मी म्हटलं, मधल्या पंधरा षटकांत काय करणार तुझे वेगवान, घामच पुसणार ना? त्याने चेहरा वाकडा केला, पण गिरमिट घेतला. आयुष्यात पहिल्यांदा निवडसमितीने दुसऱ्याचं ऐकलं. वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि तिथे तिने नाक पुसलं ते मला ऐकू आलं. डिंक झाला, दाभण झाला, सातव्या नंबरचा तो तीस धावा आणि सहा षटकांवाला झाला. नऊ नावं झाली. खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं, त्याच्या पायाला बरं वाटत असावं. मला इतकं हलकं वाटत होतं की माझीच मला लाज वाटली. हे गेल्यापासून मी अशी भांडले नव्हते कोणाशी.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, “दादा, जाऊ दे आता. झालं ते झालं. तुझ्या हातून चूक झाली—”

“चूक नव्हती,” तो म्हणाला.

मला वाटलं, दमलाय, काहीतरी बोलतोय.

“बारावं नाव लिहिलं ती चूक. पण मी मालकांकडे गेलो ना, तेव्हा ते नाही म्हणाले नव्हते. म्हणाले, तुझ्या जागी त्याला घेतो, दोघांपैकी एक. संध्याकाळपर्यंत ये आणि सांग.” थांबला. श्वास पुरत नव्हता. “मी पन्नाशीला आलो होतो, छोटे. मला कोण घेणार होतं? मी रस्त्यावर फिरत राहिलो. पाच वाजले, सहा वाजले. आणि मग तुझ्याकडे आलो आणि सांगितलं, ते ऐकत नाहीत.”

बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

“चुकीसाठी माफ करू नकोस,” दादा म्हणाला. “ते खोटं होईल. जे केलं ते हे आहे.”

बघा, मरतानाही हिशोब चोख! मी माफ करायला निघाले होते. एक शब्द न बोलता त्याने ते घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? जन्मभर ज्याला कोणी लबाड म्हटलं नाही त्याने एकदाच लबाडी केली आणि तीही त्याला शेवटपर्यंत नेता आली नाही.

मी विचारलं, “ह्यांना माहीत होतं?”

त्याने डोळे मिटून मान हलवली. हो. “आठ दिवसांनी सांगितलं. तुमच्याच जिन्यात. मी म्हटलं, दाजी, मला मारा. ते म्हणाले, तिला सांगू नका. तिला आई नाही, बाप नाही. माझ्या नोकरीपायी तिचा भाऊ जायला नको.”

म्हणजे यांनी अडीच वर्षं रिमं उचलली आणि दर रविवारी त्या माणसाशेजारी बसून मॅच बघितली. माझा भाऊ राखायला. आणि मी हे गेल्याच्या दिवशीच त्याला हाकलून दिलं.

मग मी जी सुटले! “तुम्ही दोघांनी जिन्यात उभं राहून ठरवलं होय, मला काय कळावं आणि काय नाही? मला कोणी विचारलं? मी सांगितलं असतं, दादा, तूच राहा, आम्ही बघू काहीतरी. सांगितलं असतं मी! नाहीतर भांडले असते, तुझं तोंड बघितलं नसतं, पण माझं मी ठरवलं असतं. जन्मभर निवडत बसलास. माझा नवरा तू निवडायचा, माझी अडचण तू निवडायची, माझा राग सुद्धा मी कुठल्या गोष्टीवर धरायचा ते तुम्ही दोघांनी निवडायचं?”

तो रडत होता. आवाज नव्हता, नुसतं पाणी कानाकडे उतरत होतं. वहिनी दारात उभी होती. म्हणाली, “वन्सं, पुरे.” तिलाही आजच कळलं होतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी पिशवी उचलली. दारापर्यंत गेले. मागून तो म्हणाला, “दोन राहिलेत.” टीमबद्दल म्हणत होता.

“उद्या येते,” मी म्हणाले, न वळता.

जिन्याच्या पहिल्या वळणावर मी कठड्याला धरून उभी राहिले आणि मला तो एकोणीस वर्षांचा दिसला, माझी वेणी घालताना दातात कंगवा धरलेला. भ्याला होता तो तेव्हाही. दहा वर्षांची पोर आणि रिकामं घर. तेव्हा मला सोडून पळाला नाही. पन्नाशीला एकदा भ्याला, एक संध्याकाळ. तिथेच, दुसऱ्या मजल्यावर उभ्या उभ्या माझा राग उतरला, अगदी अंगातला ताप उतरावा तसा. परत वर जाऊन सांगावं असं वाटलं. वीस पायऱ्याच होत्या.

नाही गेले. म्हटलं, इतक्या लवकर कशाला? सहा वर्षांचा राग, त्याला वाटेल खेळ होता. एक दिवस वाट बघू दे माझी.

दुसऱ्या दिवशीही गेले नाही. शर्टांचा गठ्ठा आला होता, तो करत बसले. मध्येच उठून खिडकीतून बाक बघितला, सवयीने. दुपारी आमटीला फोडणी दिली, एक कोरडी भाजी केली. जेवताना ठरवलं, काय बोलायचं. आधी थोडं झापायचं, मग सांगायचं, दादा, तू भ्यालास ना, मग मला सांगायचंस, मी होते की. आणि मग राहिलेली दोन नावं लिहायची. दहाव्या नंबरला मी एक जण शोधूनही ठेवला होता, आकडे आठवून. त्याच्या नियमात चोख बसणारा.

शुक्रवारी सकाळी केस विंचरून, साडी बदलून निघाले. कोपऱ्यावरच वहिनीचा भाऊ मला न्यायला येताना भेटला. मी त्याचा चेहरा बघितला आणि तिथेच रस्त्यात बसले.

पहाटे गेला म्हणाले. गुरुवारी दिवसभर दाराकडे तोंड करून झोपला होता. वहिनीने पाठ अवघडेल म्हणून दोनदा वळवलं, तर पुन्हा इकडेच वळला. पावलं वाजली की विचारायचा, छोटी का? आणि वहिनी म्हणायची, येतील हो, येतील.

मी त्याला माफ केलं होतं. जिन्यातच केलं होतं, बुधवारी, ऊन असताना. त्याला ते माहीत नाही.